तोंडातील जंतू आणि तोंडाचा कर्करोग



वसंतातल्या व्याख्यानमालेत श्रोत्यांना काव्यशास्त्रविनोदाची अपेक्षा असते. त्या जागी आज मी एका भयंकर रोगाचे नाव घेऊन उभा आहे. परंतु ज्या मलकापुरात वैद्यकीय महाविद्यालय आहे, दंतविद्यालय आहे आणि भोवतालच्या गावांतून रोगी रोज येतात, तेथे हा विषय परका म्हणता येणार नाही. जगात २०२२ साली ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे जे नवे रोगी नोंदले गेले, त्यांतील तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या हिंदुस्थानातले होते. हा रोग आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे.

अलीकडे एक नवा प्रश्न लोकांच्या कानांवर येतो. हा रोग तोंडातल्या जंतूंमुळे होतो काय? प्रश्न चांगला आहे. पण त्याचे उत्तर अर्धवट ऐकले तर घातक आहे. म्हणून आज आपण तो नीट उलगडून पाहू.

तोंडात जंतू असतात हे प्रथम पाहिले ते डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने. स्वतः घासलेल्या भिंगाखाली त्याने दातांवरचा पांढरा मळ धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळविले. आज आपण जाणतो की माणसांच्या तोंडांत मिळून ७०० च्या आसपास जातींचे जंतू आढळतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारकच. तेव्हा 'जंतू' म्हणताच दचकण्याचे कारण नाही.

जंतू आणि कर्करोग यांचे नाते मुळीच नसते असेही नव्हे. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे जठराचा दाह आणि व्रण होतात, असे मार्शल व वॉरन या ऑस्ट्रेलियातील दोघा डॉक्टरांनी सांगितले तेव्हा फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. मार्शलने १९८४ साली त्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन पाहिले आणि त्याच्या जठराला दाह झाला! पुढे १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा जंतू जठराच्या कर्करोगाचे कारण म्हणून मान्य केला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मग तोंडाच्या बाबतीत तसेच का नसावे, असे शास्त्रज्ञांना वाटले, तर त्यात नवल नाही.

त्यांनी शोध घेतला. हिरड्यांच्या रोगात सापडणारे पॉर्फिरोमोनास आणि फ्यूजोबॅक्टेरियम हे दोन जंतू तोंडाच्या गाठींतही पुन्हा पुन्हा आढळले. पण येथेच सावध व्हावे. गुऱ्हाळावर गूळ तयार झाला की माश्या घोंघावतात. परगावच्या माणसाला वाटावे की जेथे माश्या तेथे गूळ, म्हणजे माश्यांनीच गूळ केला! कर्करोगाच्या गाठीत मृत पेशी असतात, प्राणवायू कमी असतो आणि असे ठिकाण या जंतूंना मानवते. तेव्हा जंतू आधी आले की गाठ आधी झाली, हे केवळ त्यांच्या हजेरीवरून ठरत नाही. क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवून देणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी हीच शिस्त शास्त्राला लावली. जंतू सापडला एवढ्याने भागत नाही, त्याने रोग होतो हे दाखवावे लागते.

आणि पुरावा एकमुखी आहे काय? टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधकांनी २०२२ साली जिभेच्या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात, विषाणूचा संबंध नसलेल्या प्रारंभीच्या रोगात, ज्यांच्या गाठीत फ्यूजोबॅक्टेरियम होता त्यांच्यात दाह अधिक आणि आयुष्य कमी आढळले. उलट २०२४ साली लंडनच्या संशोधकांना मस्तक व मानेच्या कर्करोगात हाच जंतू असलेल्या रोग्यांची प्रकृती बरी राहते असे दिसले. प्रयोगशाळेत तर त्याने कर्करोगाच्या पेशी मारल्या! दोन्हीकडची माणसे प्रामाणिक आहेत. अर्थ इतकाच की हे नाते अजून पुरते उलगडलेले नाही.

तरीही जंतू अगदी निर्दोष सुटतात असे नव्हे. दारूचे रूपांतर तोंडातले काही जंतू अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात करतात. दारू पिण्याशी संबंधित असलेले हे द्रव्य कर्करोगकारक ठरले आहे. तंबाखूतल्या नायट्रेटचे नायट्राइट करणारे जंतू तंबाखू कुजवताना असतात, आणि आपल्या तोंडातही असतात. या नायट्राइटचा तंबाखूतील निकोटीनसारख्या द्रव्यांशी संयोग झाला की नायट्रोसॅमिन नावाची विषे तयार होतात. शिवाय सुजलेल्या हिरड्यांचा जुना दाह पेशींना सतत डिवचत राहतो. तेव्हा जंतू हे या गुन्ह्यातले साथीदार असू शकतात. पण घरात चोर घेतला कोणी? तो तंबाखूने घेतला, दारूने घेतला, सुपारीने घेतला.

हे आज कळले असे नाही. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईच्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रोग्यांचा आढावा १९४४ साली प्रसिद्ध केला. पुढे डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे पाहून १९७२ साली निष्कर्ष मांडले. २००४ साली जागतिक संस्थेच्या ग्रंथात तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक ठरविली गेली. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. ज्ञान आहे, कायदाही आहे. पण सवय कायद्याहून चिवट असते.

भगिनींनो, आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी. आपल्या भागात कित्येक आयाबाया सकाळी मिसरी लावतात. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून ती केली जाते. विचारले तर सांगतात, "दात स्वच्छ राहतात, हिरडी घट्ट होते, तोंडातले किडे मरतात." पाहा हा दैवदुर्विलास! जंतूंच्या भीतीने आपण जी वस्तू बोटाने हिरडीला चोळतो, तीच कर्करोगाचे बी पेरते. आजीने लावली म्हणून सुनेने लावली, सुनेने लावली म्हणून नातीने. ही परंपरा मोडण्यात अनादर नाही. आजीला हे ठाऊक नव्हते, आपल्याला ठाऊक आहे.

माझी भीती हीच आहे की जंतूंच्या नव्या गोष्टीची उद्या पळवाट होईल. कोणी म्हणेल, "रोग जंतूंनी होतो ना? मग चूळ भरली, औषधी पाण्याने गुळण्या केल्या की पुडी खायला मोकळे!" नव्हे. कोणत्याही गुळण्यांनी तंबाखूचे विष धुऊन जात नाही. दात दोन वेळा घासावेत, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याला दाखवावे, हे सर्व योग्यच. पण ते तंबाखू सोडण्याच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला.

शेवटी एक सोपा उपाय. आरशापुढे उजेडात उभे राहून महिन्यातून एकदा आपले तोंड पाहा. गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोनतीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांतले काही दिसले तर घरगुती औषधांत दिवस घालवू नका. तिरुवनंतपुरम भागात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते डोळ्यांनी तोंड तपासल्यामुळे तंबाखू वा दारूची सवय असणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ साली सिद्ध झाले आहे. त्याला मोठे यंत्र लागले नाही. उजेड आणि पाहणारी नजर पुरली.

जंतूंचा शोध शास्त्रज्ञ चालवीत राहोत. तो कोठवर जातो ते पुढच्या पिढीला कळेल. पण आजच्या रात्री घरी गेल्यावर मिसरीचा डबा आणि खिशातली पुडी यांचे काय करायचे, हे ठरविण्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहण्याची गरज नाही. ते आपल्या हाती आहे.