शेवाळांतला साक्षीदार

ओहोटी लागल्यावर खडकावरील शेवाळाचा एखादा झुबका काढून तो समुद्राच्याच पाण्यानें भरलेल्या पांढऱ्या थाळींत झटकला, तर प्रथम कांहींच दिसत नाहीं. क्षणभर थांबलें म्हणजे शेवाळाच्या काड्यांपैकीं एक वांकते, दुसरी ताठ उभी राहते आणि तिला हात फुटतात! हा कॅप्रेला नांवाचा जीव. कोळंबी-खेकड्यांच्या गोतांतला, पण लांबी बहुधा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आणि अंग म्हणजे नुसता सांगाडा. मागच्या आंकडेदार पायांनीं शेवाळ घट्ट धरावें व पाण्यांत झुलत अन्नकण टिपावे, हा त्याचा दिनक्रम.

जपानी भाषेंत त्यास ‘वारेकारा’ म्हणतात. ‘आपणांपासूनच’ असाही त्या शब्दाचा अर्थ होत असल्यामुळें, आपल्या दुःखास आपणच कारण असें म्हणणाऱ्या जुन्या जपानी कवींना हा श्लेष फार सोयीचा झाला. गेल्या शतकांत ह्या जीवावर आलेलें संकट मात्र त्याच्या स्वतःपासून आलेलें नव्हतें.

जहाजांच्या बुडास शिंपले चिकटूं नयेत म्हणून १९६० नंतर ट्रायब्युटिल टिन हें कथिलाचें विषारी संयुग रंगांत मिसळूं लागले. रंगांतील विष हळूहळू पाण्यांत उतरे. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरांत कालवांची पैदास त्यामुळें बुडाली, तेव्हां १९८२ सालीं तेथें निर्बंध आले. जपानांत १९९० सालीं.

कायदा झाला; पण पाणी निवळलें कीं नाहीं, हें विचारावयाचें कोणास? बाटलींत भरलेलें पाणी त्या घटकेपुरतेंच सांगतें. मासा आज येथें, तर उद्यां दुसरीकडे. कॅप्रेलाची मादी मात्र अंडीं व पिलें आपल्या पोटाखालील पिशवींत सांभाळते. पिलें बाहेर पडतात तीं आईसारखींच होऊन, आणि तेथल्याच शेवाळास बिलगतात. शिवाय अंगांत गेलेलें हें विष मोडून टाकण्याची शक्ति त्याच्या नातलगांना बरीच असते, ह्याला फार थोडी. त्याचा हा दुबळेपणाच शास्त्रज्ञांच्या कामीं आला. १९९७ ते १९९९ ह्या काळांत त्यांनीं जपानच्या किनाऱ्यावरून कॅप्रेला गोळा करून तपासले. कायद्यास इतकीं वर्षें लोटूनही त्यांच्या देहांत विष होतेंच. पिशवींतील अंड्यांना ह्या विषाचा अत्यल्प संसर्ग झाला तरी पिलांत माद्यांचें प्रमाण वाढतें, असेंही पुढें प्रयोगशाळेंत दिसून आलें. जगभरच्या जहाजांवर असल्या रंगाची बंदी २००८ सालीं अमलांत आली.

तरीही एका झुबक्यांत कॅप्रेला मिळाला नाहीं, एवढ्यावरून पाणी विषारी ठरविणें उतावीळपणाचें होईल. लाटांचा मारा असेल, पावसाचें गोडें पाणी शिरलें असेल, किंवा माशांनींच तो वेंचून खाल्ला असेल. म्हणून जाणते संशोधक त्याच जातीचें शेवाळ, त्याच ऋतूंत, पुनः पुनः काढून पाहतात. आणि विषाची शंका असली तर संख्येवर न थांबतां त्याचा देहही तपासतात.