मधुमेहातील मुखशुष्कता आणि लेझर यंत्राचा प्रस्ताव
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनातर्फे करण्यात आलेल्या निवेदनाचा मजकूर)



अहवाल वर्षात आपल्या दंतविभागास एका देणगीदारांनी लेझर यंत्राची रक्कम देऊ केली. त्यांच्या मातोश्री दीर्घकाळ मधुमेहाने आजारी होत्या. अखेरच्या वर्षांत भाकरीचा घास पाण्याच्या घोटावाचून त्यांच्या गळ्याखाली उतरत नसे. ते यंत्र आम्ही का घेतले नाही, हे सभेपुढे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

लाळेचे मोल ती आटल्यावर कळते. निरोगी माणसाच्या मुखात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. कानाजवळील, जबड्याखालील आणि जिभेखालील ग्रंथींच्या तीन जोड्या यातील बहुतेक काम करतात. रक्तशर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिली की शरीरातील पाणी लघवीवाटे जाते, ग्रंथींना चेतविणाऱ्या नसा दुर्बल होतात आणि स्राव घटतो. मग दात किडतात, जिभेवर बुरशी धरते, कवळी हिरडीवर ठरत नाही. नवी कोरी कवळी रुमालात बांधून परत आणणारे रुग्ण आमच्या दंतवैद्यांना नवे नाहीत. दोष बहुधा कवळीचा नसतो. घसा ओला राहावा म्हणून दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळणारेही येतात, आणि साखर का उतरत नाही म्हणून विचारतात! २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. तेव्हा हा प्रश्न एका मातोश्रींचा नाही.

प्रस्तावित लेझर शस्त्रक्रियेचा नव्हे. तो अल्पशक्तीचा असून कापत नाही, भाजत नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बुडापेस्ट येथे डॉ. एंद्रे मेस्टर यांना अशा प्रकाशाने उंदरांच्या मुंडण केलेल्या त्वचेवर केस लवकर उगवल्याचे आढळले. पेशींतील ऊर्जानिर्मितीस या तांबड्या वा अवरक्त प्रकाशाने चालना मिळते, असे अभ्यासक मानतात. ब्राझीलमधील साओ पाउलो येथील संशोधकांनी मधुमेही केलेल्या उंदरांच्या लाळग्रंथींवर हा प्रकाश सोडला असता काही अनुकूल बदल दिसले; रक्तशर्कराही उतरली. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हे वाक्य ठळक होते, उंदरांचा उल्लेख मात्र बारीक टंकात.

कर्करोगावरील उपचारांत होणारा मुखदाह टळावा म्हणून या प्रकाशोपचाराची शिफारस २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत झालेली आहे. मधुमेही माणसांच्या लाळग्रंथींबाबत तसा भक्कम पुरावा आज नाही. झालेले प्रयोग थोड्या रुग्णांवरचे आहेत आणि प्रकाशाची मात्राही सर्वत्र एक नाही. शिवाय आमच्यासारख्या जमाखर्चाच्या माणसास आणखी एक गोष्ट खटकली. यंत्राची किंमत न्यास एकदाच मोजेल, पण एसटीचे भाडे रुग्णाला प्रत्येक बैठकीस मोजावे लागेल.

म्हणून आम्ही देणगीदारांना घरी जाऊन भेटलो. यंत्राऐवजी लाळमापन सुरू करू, अशी विनंती केली. रुग्णास शांत बसवून पाच मिनिटांची लाळ अंशांकित नळीत गोळा करावयाची; मिनिटास ०.१ मिलिलिटरहून कमी भरली तर स्राव अपुरा समजावयाचा. अशा रुग्णाची औषधे वैद्य पुन्हा पाहतात, कारण ॲलर्जीची, नैराश्याची आणि रक्तदाबाची काही औषधेही मुख कोरडे करतात. दातांना फ्लोराईड लावले जाते, गोळ्यांऐवजी साखरविरहित च्युइंगम सुचविले जाते, आणि साखर आटोक्यात आणण्यावर भर राहतो.

देणगीदार बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी एवढेच विचारले, की आईचे नाव कोठे लागेल. आता ते दंतविभागातील नळ्या, फ्लोराईड आणि नोंदवह्या ठेवलेल्या कपाटावर आहे. यंत्राचे दरपत्रक आम्ही फायलीत ठेवले असून दरवर्षी वैद्यकीय समितीपुढे नव्या पुराव्यासह ते पुन्हा मांडले जाईल.