उतरलेले वजन आणि उतरलेला चेहरा



या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने होतात. आज आम्ही आपल्यापुढे सुरकुतलेल्या गालांचा विषय घेऊन उभे आहो, याबद्दल कोणी नाक मुरडले तर त्यांचा दोष नाही. विषय वरवरचा वाटतो खरा, आणि आहेही वरवरचाच, कारण तो कातड्याचा आहे. परंतु या वरवरच्या गोष्टीपायी आम्ही स्वतः एकदा मोठी चूक केली. ती चूक आपल्यापैकी कोणाला करावी लागू नये, एवढ्याच हेतूने हे चार शब्द.

आमचे वय अठ्ठावन्न. काही वर्षांपूर्वी आमचे वजन 92 किलो भरले आणि रक्तातील साखर हाताबाहेर गेली. डॉक्टरांनी खडसावले, तेव्हा आम्ही मनावर घेतले. सकाळचे चालणे सुरू केले, भात निम्मा केला, चहातली साखर सोडली. दीड वर्षात 22 किलो वजन उतरले, साखर ताब्यात आली, जिना चढताना लागणारी धाप गेली. आम्हाला वाटले, आता लोक आमची पाठ थोपटतील.

पाठ कोणी थोपटली नाही. मंडईत शाळेतला एक मित्र भेटला. आमच्याकडे क्षणभर पाहतच राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अरे, काय झालं काय तुला? सगळ्या तपासण्या केल्यास ना?" एका लग्नात दूरच्या मावशींनी आमचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "गाल अगदी बसले रे बाबा. जपून राहा." आमच्या सौभाग्यवतींवर तर निराळाच प्रसंग ओढवला. त्या एके दिवशी म्हणाल्या, "बायका मला विचारायला लागल्यात, यांना जेवायला घालत नाही का म्हणून. आता वरणभातावर थोडं तूप तरी घेत जा."

आम्ही आरशात पाहिले. गाल आत गेले होते, डोळ्यांखाली खळगे पडले होते, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत दोन घड्या उतरल्या होत्या आणि हनुवटीखाली कातडे लोंबत होते. शरीर दहा वर्षांनी तरुण झाले होते आणि चेहरा दहा वर्षांनी म्हातारा!

हे असे का होते? उशीतला निम्मा कापूस काढून घ्या. अभ्रा काही आपोआप लहान होत नाही, तो सुरकुततो. चेहऱ्याचे तसेच आहे. गालांचा गोलवा त्वचेखालच्या चरबीमुळे असतो. ही चरबी एकसंध थर नसून वेगवेगळ्या कप्प्यांत बसवलेली असते, हे रोरिक आणि पेसा या अमेरिकन शल्यविशारदांनी 2007 साली मृतदेहांच्या चेहऱ्यांत रंग टोचून दाखवून दिले. वजन उतरते तेव्हा पोटाबरोबर हे कप्पेही रिकामे होतात. कोणत्या जागेची चरबी आधी जावी, हे आपल्या हाती नसते.

मग विशीतला तरुण बारीक झाला तर त्याचे कातडे का लोंबत नाही? कारण त्याचा अभ्रा लवचिक असतो. त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे बळकट तंतू आणि इलॅस्टिन नावाचे ताणून पुन्हा आखडणारे तंतू असतात. कोलॅजेनची रेणुरचना म्हणजे तीन पेडांची वेणी आहे. ही वेणी मद्रासमध्ये बसून जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता या आपल्याच शास्त्रज्ञांनी 1954-55 च्या सुमारास उलगडून दाखवली. ही गोष्ट आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असायला हवी. वय वाढते तसे हे तंतू विरळ होतात. ऊन आणि तंबाखू त्यांची झीज अधिकच करतात. वर्षानुवर्षे ताणलेली अशी त्वचा पुन्हा पुरती आखडत नाही.

2025 साली वजन उतरवणारी सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड ही इंजेक्शने त्या कामासाठी भारताच्या बाजारात आली, तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी पोहोचला आहे. औषधाने चेहरा खराब होतो, अशी बोलवा झाली आहे. वस्तुतः औषध गाल खात नाही. थोड्या काळात पुष्कळ चरबी गेली की चेहरा असाच दिसतो, मग ती इंजेक्शनाने जावो, उपासाने जावो, नाहीतर चालण्याने जावो.

शास्त्र झाले. आता त्या मित्राच्या आणि मावशींच्या नजरेकडे वळू, कारण आम्हाला बोचले ते कातडे नव्हे, ती नजर होती. ही नजर दुष्ट नव्हती. ती घडली कशी, याचा आम्ही विचार केला. 1876 ते 1878 चा दुष्काळ दख्खनने सोसला. 1972 चा दुष्काळ तर या सभेतल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. क्षयरोगाचे नावच क्षय. माणूस झिजत गेला की घरात धसका बसे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बसलेले गाल पाहिले ते भुकेचे किंवा मरणाचे, तो समाज भरलेल्या गालांना सुख म्हणणारच. "खात्यापित्या घरचा दिसतो" ही आपल्याकडची शाबासकी आहे. नजर दुष्काळात शिकली आणि शरीरे आता मधुमेहाच्या काळात जगत आहेत, असा हा पेच आहे.

या पेचात आम्ही काय केले, ते सांगायला लाज वाटते. आम्ही गाल भरून काढायला निघालो. दुपारी दोन पेढे, रात्री साखरभात, अधूनमधून जिलबी. चार महिन्यांत सात किलो वजन परत आले. गाल जिथल्या तिथेच राहिले. पोट मात्र पूर्वपदावर आले! तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.2 पर्यंत उतरला होता, तो 7.9 झाला. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि एवढेच विचारले, "कोणासाठी खाल्लंत?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

श्रोतेहो, उतरलेल्या वजनाची किंमत काय असते ते ऐका. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 3,234 लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या एका गटाला आपले वजन शेकडा 7 ने उतरवायचे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढेच उद्दिष्ट दिले होते. सुमारे तीन वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण, नुसती बिनऔषधी गोळी मिळालेल्या गटापेक्षा शेकडा 58 ने कमी राहिले. चार सुरकुत्यांच्या मोबदल्यात हा सौदा महाग म्हणता येईल काय?

मात्र एक गोष्ट बजावून सांगतो. काही न करता वजन उतरू लागले तर ती सुरकुत्यांची गोष्ट नव्हे. क्षय, कर्करोग, गलग्रंथीचा विकार किंवा बळावलेला मधुमेह त्यामागे असू शकतो. तेव्हा मित्राचा प्रश्न अगदी योग्य, दवाखाना गाठावा.

आता, चेहऱ्यासाठी काहीच करायचे नाही काय? करावे, पण समजून करावे. पहिली गोष्ट ऊन. अमेरिकेतील 69 वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र 2012 साली एका वैद्यकीय नियतकालिकात आले. 28 वर्षे ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी झाली होती. त्वचेत खोल जाणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच फरक! ऑस्ट्रेलियातील नॅम्बूर गावी 55 वर्षांच्या आतील 903 लोकांवर 1992 ते 1996 या काळात प्रयोग झाला. ज्यांना ऊनरोधक मलम रोज लावायला सांगितले होते, त्यांच्या त्वचेचे वार्धक्य, मर्जीप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा शेकडा 24 ने कमी आढळले. मलम परवडत नसेल तर छत्री, टोपी आणि पदर आहेच.

दुसरी गोष्ट तंबाखू. सिगारेट असो वा मिश्री, सोडावी. तिसरी गोष्ट, वजन धीराने उतरवावे. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुष्कळ झाले. डाळी, कडधान्ये, दही, अंडी, मासे पोटात जावेत आणि वजने उचलण्याचा किंवा जोर-बैठकांचा व्यायाम व्हावा, म्हणजे चरबीबरोबर स्नायू कमी झडतात. ज्यांचे मूत्रपिंड दुबळे असेल त्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

बाजारात कोलॅजेनची मलमे मिळतात. कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो त्वचेतून आत शिरत नाही; मलमाने कातडे ओलसर राहते, इतकेच. कोलॅजेनची भुकटी प्यायली तर पोटात तिचे इतर प्रथिनांसारखेच पचन होते. ती थेट गालावर जाऊन बसत नाही. ट्रेटिनॉइन नावाचे मलम बारीक सुरकुत्यांवर उपयोगी पडते, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात, त्याने त्वचा चुरचुरते आणि गरोदरपणात ते वर्ज्य आहे. लोंबणारे कातडे त्याने वर जात नाही.

रिकामे झालेले गाल सुईने भरता येतात. यात हसण्यासारखे काही नाही. एचआयव्हीच्या रुग्णांचे गाल खोल जात आणि ते पाहून लोक त्यांचा रोग ओळखत. माणसे घराबाहेर पडायला कचरत. त्यांच्यासाठी अमेरिकेत 2004 साली पॉली-लॅक्टिक आम्लाच्या इंजेक्शनाला मान्यता मिळाली. चेहऱ्याचे दुःख खरे असते, याची ती शास्त्राने दिलेली कबुलीच होय. हल्ली बहुधा हायलुरॉनिक आम्ल भरतात. ते काही महिन्यांनी विरते, नको असल्यास विरघळवताही येते. परंतु सुई चुकून रोहिणीत गेली तर दृष्टीही जाऊ शकते. म्हणून हे काम केशकर्तनालयात किंवा सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात कदापि करून घेऊ नये. शिकलेल्या त्वचातज्ज्ञाकडे किंवा शल्यविशारदाकडेच जावे. फारच कातडे लोंबत असेल तर शस्त्रक्रिया आहे. पण वजन काही महिने स्थिर राहिल्यावाचून ती करू नये, नाहीतर शिवलेला अभ्रा पुन्हा सैल व्हायचा.

आम्ही स्वतः यांपैकी सुई घेतली नाही. घेणाऱ्यांना नावेही ठेवत नाही. ते सात किलो पुन्हा उतरवायला आम्हाला आठ महिने लागले. चेहरा आहे तसाच आहे. आपण समोर पाहतच आहात. मावशी अजूनही हळहळतात. आम्ही त्यांना आता सांगतो, "मावशी, गाल गेले, पण मी आहे!" त्यावर त्या हसतात आणि पेढ्याऐवजी ताक पुढे करतात.

शेवटी एकच विनंती. उद्या आपल्याला कोणी बारीक झालेला परिचित भेटला, तर "आजारी होतात का?" असे भर रस्त्यात विचारू नका. "प्रकृती कशी आहे?" एवढे विचारा आणि त्याला बोलू द्या. त्याने कष्टाने वजन उतरवले असेल तर त्याचे अभिनंदन करा. तो खरोखरच आजारी असेल तर त्यालाही त्या प्रश्नात आधार सापडेल.