यशाची फूटपट्टी कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

वयाची पन्नाशी जवळ आली की कार्यकर्त्याच्या वाट्याला एक प्रसंग हटकून येतो. नात्यातले लग्नकार्य असते. मांडवात जुने वर्गमित्र भेटतात. कोणी कार्यकारी अभियंता होऊन निवृत्तीला आलेला असतो, कोणाचा मुलगा परदेशी स्थिरावलेला असतो, कोणी दुसऱ्या घराची वास्तुशांत उरकलेली असते. पंगतीत शेजारी बसलेला कोणीतरी सहज विचारतो, ‘‘तुमचे काय चालले आहे सध्या?’’ प्रश्नात कुचेष्टा नसते. असती तर उत्तर देणे सोपे होते. त्यात खरीखुरी आस्था असते, म्हणूनच तो जिव्हारी लागतो. रात्रीच्या एस.टी.ने परतताना हा कार्यकर्ता मनाशी हिशेब मांडू लागतो. तीस वर्षे गेली. कितीएक मोर्चे निघाले, काही मागण्या मान्य झाल्या, पुष्कळशा झाल्या नाहीत. निवडणुकीत अनामत रकमा गमावल्या. संघटना फुटली, जुळली, पुन्हा फुटली. या सगळ्यात आपण मिळवले काय?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही फसवी आहेत. पहिले उत्तर म्हणजे जगाचे माप निमूटपणे मान्य करणे. पैसा, पद आणि प्रसिद्धी या तीन तराजूंत स्वतःला तोलायचे, हलके भरलो म्हणून खंतावायचे आणि उतारवयात का होईना, सत्तेच्या मांडवाखाली जाऊन उरलीसुरली कसर भरून काढायची. या वाटेने गेलेली माणसे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांची नावे घेण्याचे कारण नाही.

दुसरे उत्तर अधिक तेजस्वी वाटते. यश ही कल्पनाच भांडवलशाहीची आहे. आम्हांला यशापयशाशी कर्तव्य नाही, आम्ही लढत राहणार, असे ते उत्तर. यात निर्धार आहे, पण पळवाटही आहे. यश नाहीच म्हटले की अपयशही उरत नाही, आणि अपयश उरले नाही की कामाची परीक्षा करण्याचे साधनच हातातून जाते. जो आपल्या कामाला कधीच अपयशी म्हणायला तयार नाही, त्याला ते यशस्वी झाले असे म्हणण्याचाही अधिकार राहत नाही.

म्हणून यशाचे माप टाकून देऊन चालणार नाही. ते स्वतः घडवावे लागेल. पण स्वतः घडवलेले माप आणि मनाची समजूत यांत फरक कसा करायचा? कोल्ह्याने द्राक्षे आंबट ठरवली, तेही एका अर्थी स्वतःचे मापच होते. हा फरक तत्त्वचर्चेने फारसा उलगडत नाही; प्रत्यक्ष जगल्या गेलेल्या आयुष्यातून तो अधिक स्पष्ट होतो. महाराष्ट्रातल्या दोन स्त्रियांचे जीवन त्यासाठी पाहण्यासारखे आहे.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा, मुंबईतल्या प्रार्थनासमाजी कुटुंबातला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे वैवाहिक जीवनाची घडी मोडली आणि त्या राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. एका हिंदी स्त्रीला असे पद मिळणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पगार, मान, स्थैर्य सर्व काही हाताशी होते. जगाच्या मापाने हे यश पूर्ण होते. पण भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका लहान मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग करीत होते, त्याची वार्ता त्यांच्या कानी आली आणि १९२३ साली प्राचार्यपद सोडून त्या बालमंदिरात दाखल झाल्या. मोठ्यांच्या महाविद्यालयातून अडीच-तीन वर्षांच्या मुलांत जाणे ही प्रचलित हिशेबाने पायउतारणीच होती. १९२६ साली गिजुभाईंच्या सहकार्याने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झाले. मध्यमवर्गीय पालकांनी त्याला चांगला प्रतिसाद दिला.

येथेही त्यांना थांबता आले असते. परंतु त्यांनी आपल्या कामाला एक अडचणीचा प्रश्न विचारला. ही पद्धत मुळात कोणासाठी जन्माला आली होती? मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले होते. भारतात मात्र तीच पद्धत महागड्या लाकडी साधनांसह सुखवस्तू घरांतल्या मुलांपुरती राहिली होती. दादरच्या शाळेचे यश खरे होते, पण ज्या मुलांना शिक्षणाची सर्वांत अधिक गरज होती त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नव्हते. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला बोर्डीला गेल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. हा मुलूख आज पालघर जिल्ह्यात मोडतो.

येथे त्यांना दुसरी स्त्री येऊन मिळाली. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळच्या समाजाने अशा मुलीचे उरलेले आयुष्य आधीच आखून ठेवले होते, आणि त्या आखणीत तिच्या इच्छेला कोठेही जागा नव्हती. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात अनेक वर्षे नोकरी केली. १९४५ साली बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि कायम नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. १९९२ साली त्यांचे निधन झाले. मधली सत्तेचाळीस वर्षे त्या याच कामात होत्या.

बोर्डीच्या पहिल्या अनुभवाने पुस्तकी हिशेब चुकवला. शाळा उघडली तरी वस्तीतली मुले तिच्याकडे येईनात. शहरी मनाला येथे एक सोपा निष्कर्ष काढता आला असता, की या लोकांना शिक्षणाची आवड नाही. ताराबाईंनी दोष आपल्या योजनेत शोधला. आई मजुरीवर जाते, मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, भाऊ गुरे राखतो. अशा घरातले मूल शाळेत येणार कसे? तेव्हा शाळाच वस्तीत गेली आणि कोणाच्या तरी अंगणात बसू लागली. हीच अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे येथपासून दिवस सुरू होई. महागड्या साधनांची जागा बिया, शिंपले, काड्या, पाने आणि माती यांनी घेतली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र गुंफण होऊन विकासवाडी आकाराला आली. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले, म्हणून बहीण शाळेत बसू शकली. गुराख्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले आणि कुरणशाळा निघाली.

या दोघींचे माप मनाच्या समजुतीहून वेगळे कसे, हे आता पाहता येईल. एक तर, त्यांना द्राक्षे मिळाली नव्हती असे नाही. प्रतिष्ठेचे पद एकीच्या हातात होते, सुरक्षित नोकरी दुसरीच्या. जे हातात होते ते त्यांनी जाणतेपणी खाली ठेवले. दुसरे असे, की त्यांचे माप त्यांच्या मनाबाहेर होते. वारल्याचे मूल आज आले की नाही, उद्या टिकले की नाही, हे कोणालाही मोजता येत होते. ‘आम्हांला समाधान वाटते’ एवढ्यावर त्यांचे यश अवलंबून नव्हते. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: मापाने अपयश दाखवले तेव्हा त्यांनी माप वाकवले नाही, काम बदलले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली. या सन्मानांचा आनंद मानण्यात काही गैर नाही. पण ते आले नसते तरी कोसबाडच्या हिशेबात एकाही मुलाचा फरक पडला नसता.

मित्रहो, येथवरची कथा ध्येयवादाची आहे आणि ती ऐकून बरे वाटते. पण समाजवादी माणसाने येथेच थांबणे योग्य नाही. स्वतःच्या अटींवर जगणे ही केवळ मनोधैर्याची बाब आहे काय?

ज्या साली बोर्डीचे केंद्र सुरू झाले, त्याच १९४५ साली त्याच परिसरात वारली शेतमजूर आणि कुळे जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उभी राहिली. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. ज्या माणसाचा दिवसच सावकाराच्या मालकीचा आहे, त्याला आपल्या यशाची व्याख्या ठरवायला सांगणे ही क्रूर थट्टा आहे. स्वतःच्या अटी घालण्यासाठी पायाखाली थोडी जमीन लागते. पोटापुरती मजुरी, अंगावर हात न उगारला जाण्याची हमी आणि दिवसातले चार तास स्वतःचे असावे लागतात. तेरा वर्षांच्या विधवेलाही आधी लढावे लागले ते अटी घालण्याच्या हक्कासाठीच. तेव्हा व्यक्तीचे यश व्यक्तीने ठरवावे हे जितके खरे, तितकेच तो अधिकार सर्वांना मिळवून देणे हे राजकारणाचे काम आहे, हेही खरे. बालवाडी आणि लढा ही एकमेकांची प्रतिस्पर्धी नव्हेत. लढ्याने माणसाचा दिवस मोकळा केला, तर त्या मोकळ्या दिवसाचे काय करायचे ते शाळा शिकवते.

या गोष्टीला आणखी एक उत्तरार्ध आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. तिच्या केंद्राला नाव मिळाले ते अंगणवाडी. आज देशभर अशा तेरा-चौदा लाख अंगणवाड्या आहेत. एका प्रयोगाचे नाव लाखो गावांत पोहोचावे, यापेक्षा मोठे यश ते कोणते? पण या केंद्रांचा भार वाहणाऱ्या सेविका आणि मदतनीस यांना सरकारने कर्मचारी मानले नाही. त्यांना ‘मानसेवी’ म्हटले आणि वेतनाऐवजी मानधन दिले. पोषण आहार, लसीकरण, नोंदवह्या, पूर्वप्राथमिक शिक्षण अशी सगळी जबाबदारी त्यांच्यावर. मात्र मोबदल्याचा विषय निघाला की ही तर सेवा आहे, असे उत्तर. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मानधन म्हणजे वेतनच होय, असे मानून त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना प्रदीर्घ संपावर जावे लागले.

यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. त्याग स्वतः स्वीकारला तर ते मूल्य असते. दुसऱ्यावर लादला की ते शोषण होते. ताराबाईंनी पगार सोडला तो त्यांचा निर्णय होता. सेविकेला पगार नाकारला जातो तो तिचा निर्णय नाही. कामाच्या समाधानाचा दाखला देऊन कोणाचीही मजुरी कापता येत नाही, मग कापणारे सरकार असो, धर्मादाय संस्था असो की पुरोगामी संघटना असो.

आणि हा नियम कार्यकर्त्याच्या घरालाही लागू आहे. अनेक पूर्णवेळ कार्यकर्त्यांचे संसार कोणी चालवले? शाळेत नोकरी करून, शिकवण्या घेऊन, शिवणाचे यंत्र चालवून घराचे भाडे भरणाऱ्या पत्नीने. कार्यकर्ता आपल्या अटींवर जगला, पण त्या अटींची किंमत मोजणाऱ्या बाईला तिच्या अटी कोणी विचारल्या होत्या काय? काही घरांत दोघांचा निर्णय खरोखरच एक होता. ती घरे धन्य होत. जेथे तसे नव्हते, तेथे हिशेबाच्या वहीत हे देणे नोंदवले पाहिजे. सत्कार-समारंभात शाल-श्रीफळ देऊन ते फिटत नाही.

पंगतीतल्या त्या प्रश्नाकडे आता परत वळता येईल. एस.टी.च्या खिडकीशी बसलेल्या कार्यकर्त्याने हिशेब जरूर मांडावा. फक्त त्यातली कलमे नीट निवडावीत. ज्या वस्तीत काम केले तेथली कोणती गोष्ट आज वेगळी आहे? जे जमले नाही, ते का जमले नाही हे कळल्यावर कामाची रीत बदलली काय? आपल्या निवडीची किंमत कोणी मोजली, आणि त्या माणसाला त्यात आवाज होता काय? आपण उद्या नसलो तर हे काम उचलणारे दुसरे कोणी तयार झाले आहे काय? ताराबाई १९७३ साली गेल्या आणि त्यानंतर एकोणीस वर्षे अनुताईंनी कोसबाड सांभाळले. कामाला वारस मिळणे हे घराला वारस मिळण्याइतके सोपे नसते.

या प्रश्नांची उत्तरे सगळीच अनुकूल येणार नाहीत. ज्याची दोन उत्तरे बरी येतील त्याने समाधान मानावे, उरलेल्या दोन प्रश्नांसाठी सकाळी पुन्हा कामाला लागावे. आणि पुढच्या लग्नात कोणी काय चालले आहे म्हणून विचारले, तर मान खाली न घालता, आवाज न चढवता, अमुक गावी अमुक काम चालले आहे, एवढेच सांगावे. विचारणाऱ्याला वेळ असेल तर त्याला ते काम पाहायला बोलवावे.