पीजचे केंद्र आणि लोकांच्या लहरी
(चारोटी येथील भाषण)



चारोटीवरून उत्तरेस जाणारा हमरस्ता अहमदाबादच्या अलीकडे खेडा जिल्ह्यात पोहोचतो. तेथील पीज गावी १९७५ साली एक छोटे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. कार्यक्रमांची धुरा इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राकडे होती. सुमारे ४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविले गेले. पुष्कळ ठिकाणी ते दूध सोसायटीच्या आवारात असत. जाहिराती नव्हत्या. कॅमेरा खेड्यात गेला आणि मजुरी, अस्पृश्यता, दारू हे प्रश्न तेथल्या माणसांनी आपल्या बोलीत मांडले. १९८४ साली युनेस्कोने या प्रयोगाचा गौरव केला. १९८५ साली केंद्र बंद झाले!

याच हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मुंबई आहे. तेथे वरळीचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या. मोठे केंद्र वाढले, छोटे विझले. पीज अपयशी ठरले म्हणून नव्हे. खेड्यातील श्रोता हा ग्राहक नव्हता म्हणून.

१९४५ साली याच मुलखातील वारल्यांनी वेठबिगारी झुगारली. आज घरोघरी पडदा आहे. पण त्यावर वारली माणूस बहुधा नाचताना दिसतो, बोलताना नव्हे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. मालमत्ता जनतेची, तर तिचा वाटा चारोटीलाही मिळाला पाहिजे. जमिनीप्रमाणेच तो मागून नव्हे, संघटनेनेच मिळेल.