तिकीट विकलं, माणूस आला का?

आजचा विषय आहे हजेरी. कॉलेजातली पंचाहत्तर टक्क्यांवाली नाही, तर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल मॅचची. आणि फुटबॉल म्हणजे आपला मेस्सीवाला नव्हे. हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू पोटाशी धरून पळतात ना, तो.

आधी हे प्रकरण केवढं मोठं आहे ते सांगतो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ लोक बसतात. नोव्हेंबर १९७५ पासून, कोरोनाचं २०२० साल सोडलं, तर तिथल्या प्रत्येक मॅचला आकडा लाखाच्या वर गेलाय. आणि खेळतात कोण, तर कॉलेजची पोरं!

पण सगळीकडे असं चित्र नाही. सगळ्यात वरच्या गटात, ज्याला एफबीएस म्हणतात, २००८ मध्ये एका मॅचला सरासरी ४६ हजारांहून जास्त प्रेक्षक होते. २०१८ मध्ये ही सरासरी ४२ हजारांच्या खाली आली. १९९६ नंतरचा सगळ्यात कमी आकडा. कोरोनानंतर गर्दी पुन्हा वाढली, पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुठलाही आकडा दिसला की पहिला प्रश्न येतो, नक्की मोजलं काय? इथेच गंमत आहे. मॅचनंतर जाहीर होणारा आकडा बहुतेक वेळा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांचा असतो. गेटवर किती तिकिटं स्कॅन झाली, तो डेटा वेगळा. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१७ च्या सीझनचा हा डेटा गोळा केला, तेव्हा स्कॅन झालेली तिकिटं जाहीर आकड्याच्या साधारण ७१ टक्केच निघाली. म्हणजे शंभर सांगितले, तर आत गेले एकाहत्तर.

मग बाकीचे कुठे होते? बरेचसे घरी, टीव्हीसमोर. ही भीती जुनीच आहे. १९५० च्या दशकापासून कॉलेज खेळांची संस्था एनसीएए टीव्हीवर मोजक्याच मॅच दाखवू द्यायची, कारण गेटवरची गर्दी आटेल अशी धास्ती होती. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे बंधन मोडलं. त्यानंतर टीव्हीचा पैसा आला आणि टीव्हीची मर्जीही आली. मॅच किती वाजता सुरू होणार, हे कित्येकदा बारा किंवा सहाच दिवस आधी कळतं. मध्ये जाहिरातींचे ब्रेक. मॅच जवळपास साडेतीन तास चालते. घरी बसलेला माणूस ब्रेकमध्ये चॅनल बदलतो, स्टेडियममधला उन्हात बसून राहतो.

सगळ्यात जास्त काळजी आहे ती विद्यार्थ्यांची. आज ज्याला सवय लागली नाही, तो चाळिशीत सीझन तिकीट कशाला घेईल? अलाबामाचा संघ त्या काळात इतका जिंकायचा, की निकाल आधीच ठरल्यासारखा असायचा आणि पोरं मध्येच उठून जायची. म्हणून २०१९ मध्ये विद्यापीठाने एक ॲप आणलं. मॅचला आलात तर १०० पॉइंट, चौथ्या क्वार्टरपर्यंत थांबलात तर आणखी २५०. पॉइंट जास्त, तर मोठ्या मॅचच्या तिकिटासाठी नंबर आधी. पोरगं थांबलंय की नाही, हे ॲप फोनच्या लोकेशनवरून ओळखायचं.

असं फीचर बनवायला फार अवघड नाही. म्हणूनच मला ते खटकतं. लोकेशन फोनचं कळतं, माणसाचं नाही. चार मित्रांचे फोन एकाच्या खिशात ठेवले की झालं काम. प्रॉक्सी लावलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. आणि मॅच बघायला आलेल्या पोरावर नजर ठेवायची, हा सौदा मला महाग वाटतो. पोरं का उठून जातात, ते आधी विचारा ना! २०२३ मध्ये नियम बदलून फर्स्ट डाउननंतर घड्याळ चालू ठेवायला सुरुवात झाली, अर्ध संपतानाची शेवटची दोन मिनिटं सोडून. मॅच थोडी आवरती घ्यायची, हा मार्ग मला जास्त पटतो.

तुमच्यापैकी कोणी एमएसला तिकडे असाल, तर एक शनिवार काढा आणि स्टेडियमवर जा. शेवटपर्यंत थांबलात की मध्येच उठलात, आणि का, ते मला व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!