एका गृहिणीचा खेळ
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मंडळाचा संगणक शनिवारी दोन तास मुलींना खेळण्यास मोकळा ठेवावा, अशी सूचना गेल्या सभेत आली, तेव्हा पहिला विरोध मीच केला. खेळ म्हणजे वेळेची नासाडी, असे मी म्हटले. ते शब्द आज मला परत घ्यावयाचे आहेत. कारण सांगते.

कॅलिफोर्नियात रॉबर्टा विल्यम्स नावाच्या एक गृहिणी होत्या. पदरी दोन लहान मुले. पती केन हे प्रोग्रामर. त्यांनी घरी आणलेल्या टर्मिनलवर बाईंनी ‘कोलोसल केव्ह’ हा गुहेचा खेळ पाहिला. त्यात चित्र एकही नाही, सारे शब्दच. बाई त्यात अगदी रमल्या. पुढे तसा दुसरा मनाजोगता खेळ मिळेना, तेव्हा स्वयंपाकघरातील टेबलावर कागद पसरून त्यांनी स्वतःच एका वाड्यातील खुनाचे रहस्य रचले.

प्रोग्राम पतीने लिहिला. कथा आणि चित्रे बाईंची. परंतु १९७७ साली निघालेल्या ‘ॲपल टू’ संगणकात जागा फार थोडी. सत्तरएक चित्रे त्यात मावावीत कशी? तर पुरे चित्र न साठवता, रेघ कोठून कोठे ओढावयाची एवढेच त्यांनी नोंदले. ठिपक्यांची रांगोळी शिकवताना आपणही कोणता ठिपका कोणत्याला जोडावा, एवढेच सांगतो ना? तसेच हे.

‘मिस्टरी हाऊस’ हा तो खेळ १९८० साली प्लास्टिकच्या पिशवीत घालून विक्रीस आला. चित्रे म्हणाल तर मुलाने पाटीवर काढावीत तशी. तथापि साहसाच्या खेळांत चित्रे आणणारा पहिला खेळ म्हणून त्याचा मान आहे. त्यातूनच पतिपत्नींची कंपनी नावारूपास आली. १९८४ साली बाईंचा ‘किंग्ज क्वेस्ट’ निघाला, आणि १९८८ मधील त्याच्या चौथ्या भागात राजकन्या रोझेला हीच नायिका झाली.

भगिनींनो, खेळता खेळता एखादीला वाटते, ‘मी असते तर हे निराळे केले असते.’ त्या वेळी तिला एक टेबल आणि थोडा निवांतपणा हवा. आपला संगणक मात्र हिशेबाचे दिवस सोडले तर कापडाखाली झाकलेला असतो.

म्हणून तीच सूचना आज मी मांडते. पहिल्या शनिवारी देखरेखीस मी स्वतः बसेन. आणि मुलींची हरकत नसेल, तर एक डाव मीही खेळेन.